कॅसेट भंगारात घालायच्या आधी तिचा दुसरा आवाज ऐका

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आलंय आणि आमच्या अनगोळात घरोघरी झाडलोट चालू आहे, गोधड्या धुवून गच्चीवर पडल्यात, माळे रिकामे होतायत, भंगारवाल्याची गाडी दिवसातनं तीनदा गल्लीत येतेय. परवा कामावरनं येताना बघितलं तर त्या गाडीवर जुने कुकर आणि फॅनची पाती यांच्या मध्ये एक बादली भरून व्हिडिओ कॅसेटी. वरच्या कॅसेटवर पेनानं दोन नावं आणि खाली 'शुभविवाह' लिहिलेलं. मी गाडी थांबवली, त्याला पैसे देऊन बादली सोडवून घेतली आणि ज्या घरातनं आल्या तिथं नेऊन दिली, तर त्या काकू म्हणाल्या, "अहो आमच्याकडं मोबाईलवर आहे की ते सगळं, दुकानातनं करून घेतलंय." त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय, कारण आम्ही पण बरीच वर्षं हेच म्हणत होतो.

ताईचं लग्न १९९४ च्या मे महिन्यातलं. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, कौलारू घर, दारात मांडव. शूटिंगवाला बेळगावातनं आला होता, त्याच्या खांद्यावर मोठा कॅमेरा आणि मागं हॅलोजन धरून एक पोरगा, तो लाईट तोंडावर आला की सगळे डोळे मिचकावायचे आणि कॅसेटमध्ये अजून मिचकावतायत. महिन्याभरानं कॅसेट हातात आली ती गाणी घातलेली. मुहूर्तमेढ असो, घाणा भरायचा असो, हळद असो, सगळ्यावर सिनेमातली गाणी, तेव्हाची पद्धतच तशी होती आणि आम्हाला ते लई भारी वाटायचं. घरात साधा मोनो (एकाच पट्टीचा आवाज वाचणारा) व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवायचं मशीन होतं, त्याच्यावर आम्ही ती इतक्यांदा बघितली की कुठल्या गाण्याला कोण वाढायला येतंय हे पाठ झालं होतं.

पुढं व्हीसीआर बिघडला, मग एका दुकानात देऊन ते 'डिजिटल' करून घेतलं. काय मिळालं? पेन ड्राईव्हवर एक फाईल, त्यात चौकोनी चित्र ओढून रुंद टीव्हीएवढं केलेलं, त्यामुळं आमची सगळी भावकी आडवी सुटलेली, वरातीत लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या पायांना कंगव्याचे दात फुटलेले, आणि गाणी तीच. आम्ही म्हणलं जुनं आहे, एवढंच निघणार. कॅसेट राहिली ती फक्त आईनं टाकू दिली नाही म्हणून, तिनं ती कपाटात साडीच्या घडीत ठेवली होती.

मी उद्यमबागमध्ये मशीनवर काम करतो, त्यामुळं बिघडलेलं यंत्र उघडून बघायची सवय हाताला आहे. गेल्या वर्षी निपाणीच्या एका मित्रानं त्याच्या वडिलांचा पडून असलेला व्हीसीआर दिला, हाय-फाय स्टीरिओवाला. बेल्ट सैल झालेला बदलला, रबरी रोलर पुसला, हेडवर (टेप वाचणारं टोक, ते फिरत्या ड्रमवर बसवलेलं असतं) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला साधा कागद धरून ड्रम हळूच हातानं फिरवला (कापसाचा बोळा कधी लावू नका, त्याचा एक तंतू हेडच्या फटीत अडकला तर हेड गेलंच, आणि कागद वर-खाली तर अजिबात घासायचा नाही), आणि ताईची कॅसेट घातली. चित्र आलं, मुहूर्तमेढ झाली, घाण्याचा सीन आला आणि गाणंच नाही. मला वाटलं वायर निघाली. मग मुसळाचा आवाज आला, बांगड्यांचा आवाज आला आणि आजी ओवी म्हणायला लागली.

साहेब, आमची आजी १९९९ ला गेली. तिचा आवाज कुणाकडंच नव्हता. आई आत भाकरी थापत होती ती पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. आजी एकेका भावाचं नाव ओवीत गुंफून हळद कांडतेय, मलप्रभेकाठचं तिचं माहेर त्यात येतंय, मागनं आमच्या शेजारच्या कानडी अक्का "साकु, साकु" म्हणून तिला थांबवतायत, आणि शेवटी आजी मान वर करून कॅमेरावाल्याला म्हणते, "अरे लेकरा, जेवलास काय? त्या लाईटवाल्या पोराला पण बसीव की पंगतीला." एवढी वर्षं ह्या जागी आम्ही एक डुएट गाणं ऐकत होतो.

हे झालं कसं ते मी नंतर शोधून काढलं आणि तेच सगळ्यांना कळावं म्हणून सांगतो. व्हीएचएसच्या, म्हणजे त्या वेळच्या घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या टेपवर आवाज दोन जागी असू शकतो. एक टेपच्या कडेला, सरळ रेषेत, ती जुन्या पद्धतीची मोनो पट्टी. टेप तिथनं सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, साधी गाण्याची कॅसेट ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे निम्म्याच वेगात लिहिलेला आवाज, म्हणून तो दबलेला आणि खरखरीत असतो. दुसरा आवाज हाय-फाय, तो मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवरची वेगळी हेडं तिरकं लिहितात, टेपच्या आत खोलवर, आणि त्याच जागी वरच्या थरात चित्र लिहिलं जातं. आता गंमत बघा, नंतर 'ऑडिओ डब' करून गाणं घातलं की ते फक्त कडेच्या पट्टीवर जातं. खोलातला हाय-फाय आवाज चित्र पुसल्याशिवाय पुसता येत नाही, म्हणून तो तसाच राहतो. आमच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा हाय-फाय होता आणि त्यानं मूळ कॅसेटवरच गाणी डब केली होती. आमचा मोनो व्हीसीआर कडेची पट्टीच वाचायचा. दुकानातलं मशीन पण तसलंच असणार नाहीतर त्यांनी आवाजाचं बटण नॉर्मलवर ठेवलेलं असणार.

सगळ्यांच्या कॅसेटीत असं निघेल असं मी म्हणत नाही. कॅमेराच मोनो असेल तर खाली काही नाही. आणि कॅसेटवरनं कॅसेट करताना मिक्सरमधनं गाणं मिसळलं असेल तरी मूळ आवाज त्या कॉपीत येत नाही, मग शूटिंगची रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातनं निघालेली पहिली कॅसेट शोधायला लागते, आणि बहुतेकांनी त्या कॅसेटी परत परत वापरल्यात. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? व्हीसीआरच्या काचेत 'हाय-फाय' असं अक्षर पेटतं काय बघा, रिमोटवर ऑडिओचं बटण असतं त्यावर हाय-फाय, नॉर्मल आणि मिक्स असं बदलून बघा, आणि दुकानात देणार असाल तर दोन्ही आवाज वेगवेगळे काढून मागा. दोन्ही म्हणतोय, कारण ताईला ती गाणी पण पाहिजेत. तिच्यासाठी लग्न म्हणजे तीच गाणी, आणि तिचंही बरोबर आहे.

आता चित्राचं. कॉम्प्युटरवर घेताना जे गेलं ते पुढं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, म्हणून खरी मेहनत तिथंच घालायची. स्वस्तातली यूएसबी कॅप्चर काडी आणि तिच्याबरोबरचं सॉफ्टवेअर आल्या आल्या चित्र चेपून टाकतं, मधल्या फ्रेम गाळतं आणि अर्ध्या तासानं ओठ पुढं आवाज मागं असं होतं. जुन्या टेपमधनं प्रत्येक ओळ वेळेवर निघत नाही, त्यामुळं उभे खांब लाटेसारखे हलतात आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो, त्यासाठी टाईम बेस करेक्टर लागतो. तो महाग आहे, पण काही डीव्हीडी रेकॉर्डरमधनं सिग्नल नुसता पास केला तरी बराच सरळ होतो, मी तसंच केलं आणि आमच्या मांडवाचे खांब उभे राहिले. फाईल लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काही न गाळता घ्यायची, हफवाययूव्ही नाहीतर एफएफव्ही१ ह्या प्रकारात, तासाला ३०-४० जीबी जागा लागते, लागू दे. ती मास्टर. तिला हात लावायचा नाही, जे काय प्रयोग करायचे ते तिच्या कॉपीवर.

ते कंगव्याचे दात का येतात ते पण सांगतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पाल (PAL) पद्धत म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, पण एका फ्रेममध्ये दोन फील्ड, एका फील्डमध्ये विषम ओळी दुसऱ्यात सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळच्या. म्हणजे सेकंदाला ५० क्षण टिपलेत. जुना टीव्ही ते एकामागं एक दाखवायचा, कॉम्प्युटर दोन्ही एकत्र दाखवतो म्हणून हलणाऱ्या पायाला दात दिसतात. दुकानवाले एक फील्ड टाकून देतात नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात, दात जातात आणि त्याबरोबर अर्धी हालचाल पण जाते. एव्हीसिंथ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसी म्हणून एक स्क्रिप्ट आहे, ती प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेम देते. लॅपटॉपला वेळ लागतो, आमचं तीन तासांचं लग्न दोन रात्री चाललं होतं, पण सकाळी बघितलं तर लेझीम तशीच खणखणीत हलत होती जशी त्या दिवशी. हे काम सगळ्यात आधी करायचं, साईज बदलणं, हलणारं चित्र स्थिर करणं हे सगळं त्याच्या नंतर. फील्डचा क्रम उलटा दिला तर माणसं पुढं-मागं थरथरतात, तसं दिसलं तर क्रम बदलायचा एवढंच.

नॉईज काढण्यावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय कारण माझी चूक तिथंच झाली. टेपवरचे मुंगीसारखे ठिपके काढणारा फिल्टर मागची आणि पुढची फ्रेम ताडून बघतो, जे एकाच फ्रेममध्ये आहे आणि आजूबाजूला नाही ते त्याच्या हिशोबात कचरा. मी फिल्टर जोरात लावला, चित्र काचेसारखं झालं, मी खूश. ताईला दाखवलं तर मंगलाष्टकं संपली, सगळ्यांचे हात वर गेले, आणि ताई म्हणाली, "अक्षता कुठं गेल्या?" हवेतली अक्षत एका जागी एका फ्रेमपुरतीच असते. फिल्टरनं सगळ्या अक्षता पुसल्या होत्या! वाऱ्यावर हात उडवणारी माणसं नुसती. मग परत पहिल्यापासनं केलं, फिल्टर अगदी हलका, आणि तेवढा सीन तर विनाफिल्टरचाच ठेवला, ठिपके असू देत.

त्याच्यापेक्षा वाईट आता जे एआय नावानं चाललंय ते. भाच्यानं हौसेनं आजीचा भाग एका ॲपमध्ये घालून 'फोर के' करून आणला. चेहरा एकदम स्वच्छ, दात एकसारखे, आणि कपाळावरचं गोंदण गायब. ॲपला तो डाग वाटला. नथीच्या जागी एक चकचकीत गोळा. हे ॲप दुसऱ्याच हजारो चेहऱ्यांवर शिकलंय, आपल्या कॅसेटमध्ये जे नाही ते ते त्या चेहऱ्यांतनं आणून भरतं, म्हणजे ती आजी नाहीच, आजीच्या जागेवर बसवलेली कोण तरी बाई आहे. आई पाच सेकंद बघून म्हणाली, "ही कोण?" भाच्याला वाईट वाटलं, पोरगं गुणी आहे, त्यानंच नंतर आवाजाचं काम केलं. पण माझं मत पक्कं आहे, चित्राची साईज मोठी करायला एआय वापरा एकवेळ, चेहरा सुधारणारं बटण मात्र आपल्या माणसांवर दाबू नका. व्हीएचएसमध्ये आडवे तपशील साधारण २४० ओळींएवढेच असतात, तेवढ्यात गोंदण दिसतं, तेवढं पुरे आहे.

रंगाचं सोपं आहे. व्हीएचएसमध्ये रंग चित्रापेक्षा फारच ढोबळ लिहिलेला असतो, त्यामुळं शालूचा लाल बाजूला सांडतो, तो थोडा सरकवून बसवता येतो. हॅलोजनमुळं सगळं पिवळं पडलेलं, तर मी आजोबांचं धोतर धरलं, ते पांढरं असणारच म्हणून त्याच्यावर पांढरा सेट केला आणि बाकी सगळं आपोआप जाग्यावर आलं, हळद मात्र पिवळीच राहिली पाहिजे एवढं बघितलं. खालच्या कडेला जी फाटकी पट्टी दिसते ती हेड बदलताना येते, जुन्या टीव्हीत ती काठाआड जायची, तेवढी झाकायची. आणि चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी, ४:३ च ठेवायचं, बाजूला काळं दिसलं तर दिसू दे.

आवाजात ट्यूबलाईटीसारखी घुं होती, ती आपल्या ५० हर्ट्झच्या करंटची, ५०, १०० आणि १५० वर बारीक कात्री लावली की जाते. ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत जागेचा नमुना देऊन खरखर कमी करता येते, पण अर्ध्यावर थांबायचं, जास्त केलं की माणूस पाण्याखालनं बोलल्यासारखं ऐकू येतं. आम्ही आजीच्या ओवीमागची मुसळाची धप, अक्कांचं कानडी, लांब कुठं तरी भुंकणारं कुत्रं सगळं ठेवलंय. ह्या भागातलं बोलणं असं मोकळ्यानं रेकॉर्ड झालेलं फार नाही हो, कॅमेरासमोर आले की सगळे पुस्तकी बोलतात, पण घाण्याला बसलेल्या बाया कॅमेरा विसरलेल्या असतात. तो मराठीत मिसळलेला कानडीचा हेल, ते "काय करालीस", "जाऊया की गं", त्यातली निम्मी माणसं आता नाहीत आणि ते घर पण नाही, तिथं आता स्लॅबचं घर झालंय.

खानापूरकडच्या लोकांना एक वेगळं सांगायचंय, आपल्याकडचा पाऊस. माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटला बुरशी धरते. कॅसेटच्या काचेतनं टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा पांढरे पट्टे दिसले तर ती मशीनमध्ये घालू नका, ती बुरशी हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना वाटली जाते. वेगळी काढा, कोरड्या जागी उभी ठेवा, जाणकाराकडं द्या. चांगली दिसली तरी लगेच प्ले न करता आधी एकदा पूर्ण पुढं-मागं गुंडाळून घ्या. आणि कॅम्पातल्या, मिलिटरीतल्या जुन्या घरांत आठ मिलिमीटरची फिल्म पण असेल, सुपर आठ १९६५ ला आली, तिचं ५० फुटांचं रीळ जेमतेम तीन मिनिटं वीस सेकंद चालतं. ती भिंतीवर प्रोजेक्टरनं लावून मोबाईलवर शूट करू नका, फडफड येते आणि आकसलेली फिल्म दातऱ्यात फाटते, तिला फ्रेम-फ्रेम स्कॅनच पाहिजे. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती आतनं विरघळायला लागलीय, वाट बघू नका, आणि तो डबा बाकीच्यांपासनं लांब ठेवा.

वेळ कमी आहे हे मी घाबरवायला सांगत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई, तिनं पण जुलै २०१६ ला बनवणं बंद केलं, म्हणजे आता जगात जेवढी मशीनं आहेत तेवढीच, रोज त्यातली काही भंगारात जातायत. टेप अजून दहा वर्षं टिकेल पण वाचायला मशीन नसेल तर ती नुसती काळी फीत आहे. फाईल झाली तरी कॅसेट टाकू नका, आमचीच गोष्ट बघा, पहिल्या वेळी निघालं नव्हतं ते दुसऱ्या वेळी निघालं. फाईलच्या पण तीन कॉप्या करा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडं, आमची एक पुण्याला भावाकडं आहे. व्हॉट्सॲपवर आलेली कॉपी ही कॉपी धरू नका, ती परत चेपलेली असते.

संपादक साहेब, एक विनंती आहे. तुमच्या पेपरात जुन्या गणेशोत्सवाचे, शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो येतात तेव्हा आम्ही ते कापून ठेवतो. तसं एकदा नवरात्राच्या आधी दोन ओळींचं आवाहन छापा, की ज्यांच्याकडं लग्नाच्या, मिरवणुकीच्या, बारशाच्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या गाडीवर घालू नयेत. जुने शूटिंगवाले अजून शहापूर, खडेबाजार, टिळकवाडी इकडं आहेत, काहींनी मशीनं झाकून ठेवलीयत, त्यांना मागणी आहे हे कळलं तर ते पुढं येतील, कुठली कॅसेट मूळ आणि कुठली कॉपी हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? गावागावातल्या वाचनालयांनी एखादा चालता हाय-फाय व्हीसीआर जपून ठेवला तर फार खर्च नाही.

माझ्याकडचा व्हीसीआर आता थकलाय, कॅसेट बाहेर टाकताना अडकतोय, आणि पुढं गल्लीतल्या तीन घरांच्या कॅसेटी रांगेत आहेत, त्यात एक १९९१ च्या शिवजयंती मिरवणुकीची आहे, तिला थोडी बुरशी आहे म्हणून ऊन पडायची वाट बघतोय. कुणाकडं हाय-फाय व्हीसीआर, बंद का असेना, पडून असेल तर कृपा करून पेपरच्या ऑफिसात कळवा. मी रविवारी मोकळा असतो, चिकोडी असो नाहीतर अथणी, येऊन घेऊन जाईन.

आपला एक वाचक,
अनगोळ, बेळगाव